चार मिनिटांचा देश

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा ‘संस्कृती दिवस’ साजरा होतो. साजरा होतो म्हणजे सगळे जण आपापल्या जागी कॉम्प्युटरसमोर बसतात आणि पडद्यावरून एकेक देश येऊन जातो. कंपनीचं काम जहाजांवरच्या मालाची कागदपत्रं तपासायचं, माणसं जगभर विखुरलेली. मी त्यातला रत्नागिरीचा. कंपनीच्या लेखी अजून मुंबईचाच, पण कोविडच्या काळात आईसाठी इकडे आलो, तिला दवाखाना जवळ हवा म्हणून शहरात ब्लॉक घेतला, आणि पुढे साहेबांनी ‘घरूनच करा’ म्हटल्यावर इथेच राहिलो. आई जाऊन आता दुसरं वर्ष. लग्न मी केलं नाही. आधी जमेना, मग जमवायचाच कंटाळा आला.

त्यामुळे दिवसभरात तोंड उघडतं ते मीटिंगमध्ये. तेही पाच-सहा वाक्यांपुरतं, इंग्रजीत आणि जहाजांबद्दल. संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला गेलो की घसा आधी खाकरावा लागतो. हे मी कौतुकाने सांगत नाही. एकटं राहायला आवडतं असं म्हणणारी माणसं मला भेटतात, मला ते आवडत नाही. सवय झाली आहे, एवढंच.

गेल्या वर्षीच्या संस्कृती दिवसाला भारताच्या वाट्याला फेटे, सिनेमाच्या गाण्यावरचा नाच आणि पनीरची कृती आली. माझ्या आईने उभ्या जन्मात पनीर केलं नव्हतं. शिवाय पोलंडचा झेंडा उलटा लागला आणि तो जवळजवळ इंडोनेशियाचा झाला. दोन्हीकडची माणसं समोर बसलेली, पण तीही अंगठे वर करून मोकळी झाली. मला राहवलं नाही. मी एक लांबलचक, चांगलं तिखट ईमेल लिहिलं. माझी खोड जिरवायची म्हणून यंदा मलाच समितीत घेतलं.

समितीची प्रमुख गुरगावच्या ऑफिसातली एक मुलगी. हसतमुख, कामाला वाघ, आणि सगळ्यांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे यावर तिचा मनापासून विश्वास. प्रत्येक देशाला चार मिनिटं, एकही सेकंद जास्त नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून. आणि झेंडे सगळे एकाच मापाच्या गोल बिल्ल्यात. आता गोलात बसवताना कोणाचा कोपऱ्यातला तारा गेला, कोणाची कडेची पट्टी अर्धी झाली. नेपाळचा झेंडा मुळात चौकोनीच नाही, त्याची तर टोकंच छाटली गेली.

“सर, पण सगळ्यांचं सारखंच कापलंय ना,” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, सगळ्यांच्या पायात एकाच मापाची चप्पल घालून बघ, कोण चालतं ते. ती हसली, पण ऐकलं तिने. मग झेंडे आपापल्या आकारात लागले. कोणी लांब, कोणी आखूड, ओळ वाकडी दिसायला लागली. दिसू दे म्हटलं.

सादर करणाऱ्यांच्या यादीत अडलं ते एका बाईंपाशी. आमच्याच हिशेब विभागातल्या, व्हिएन्नाला राहणाऱ्या. त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं कामापुरतं बोलणं, तेवढंच. त्यांनी कळवलं की माझ्या नावापुढे झेंडा लावू नका. त्यांचा जन्म युगोस्लाव्हियातला. त्या शाळेत असतानाच देश फुटला. आई एका तुकड्यातली, वडील दुसऱ्यातले, आणि त्या स्वतः तिसरीकडेच वाढलेल्या. गुरगावच्या मुलीने अडचण नको म्हणून ऑस्ट्रियाचा झेंडा लावून टाकला. बाईंचं उत्तर आलं, “तिथे मी राहते. बाकी काही नाही.”

“जागा रिकामी ठेवली तर लोकांना वाटेल आमच्याकडून माहिती भरायची राहिली,” मुलगी काकुळतीला आली.

“वाटू दे,” मी म्हणालो. या एका मुद्द्यावर मी इतका अडून बसलो की माझं मलाच नवल वाटलं. शेवटी त्यांच्या नावापुढे नुसती करडी चौकट राहिली. त्या संध्याकाळी बाईंनी मला आभाराची ओळ पाठवली आणि विचारलं, तुम्ही तुमच्या चार मिनिटांत काय करणार?

भारताची चार मिनिटं यंदा माझ्याकडे होती आणि काय करायचं ते मी ठरवलं होतं. देशबिश मला झेपणारा नव्हता. मी माझ्या वाडीपुरतं करणार होतो. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एका माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं: हे सांभाळ, ते दूर कर, परमुलखात असलेल्या लेकरांवर नजर ठेव. प्रत्येक मागण्यानंतर तो थांबतो आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” माझे वडील गाऱ्हाणं घालायचे तेव्हा त्या होकाराने देवळाचे पत्रे थरथरायचे. आता तो मान चुलतभावाकडे आहे. मी शिमग्याला जातो, मागे खांबाला टेकून उभा राहतो. गाव इथून तासाभरावर, पण चुलतभाऊ ‘परमुलखात असलेली लेकरं’ म्हणतो तेव्हा त्याची मान माझ्याकडे वळते. त्यात त्याची काही चूक नाही. तीस वर्षं मी होतोच मुंबईला.

बाईंना मी हे सगळं लिहिलं. त्यांनी विचारलं, “आणि कोणी उत्तर दिलंच नाही तर?”

“तर ते गाऱ्हाणं होत नाही,” मी लिहिलं. “एक माणूस एकटाच बडबडतोय असं दिसतं.”

लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. भारताचं नीट दर्शन घडो न घडो, तेवढी काळजी मला नव्हती. मला एकदा, एकदाच, मी काही बोललो आणि माणसांनी ‘हो’ म्हटलं असं व्हायला हवं होतं. आई गेल्यापासून ते झालं नव्हतं. ती पडल्या पडल्या माझ्या प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायची, अगदी मी फोनवर दुसऱ्याशी बोलत असलो तरी.

आठवडाभर तयारी केली. खालच्या मजल्यावरच्या काकी एकदा जिना चढून वर आल्या. “काय वो, कोन आलंय काय घरात? सकालधरनं आवाज येतोय.”

“कोणी नाही काकी. ऑफिसचं काम.”

“हाफिसात गाराणी घालताव?” त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसत खाली गेल्या. त्यांना आत बोलवावं, चहा टाकावा, हे मला दार लावल्यावर सुचलं.

गुरगावच्या मुलीला मी सांगितलं की माझ्या वेळी सगळ्यांचे माइक उघडे लागतील. तिने कपाळाला हात लावला. एवढ्या लोकांचे माइक उघडले तर कुत्री भुंकतात, मिक्सर चालतात, ऐकायला काही येत नाही. मी म्हटलं, देवळातही पोरं रडतात. पण नियम म्हणजे नियम. माइक फक्त ज्याची पाळी त्याचाच उघडा, बाकीच्यांनी हृदयं आणि टाळ्यांची चित्रं पाठवायची.

तो दिवस उजाडला. दुपारी मी वडिलांसारखा सदरा घातला, खिडक्या लावल्या, आणि इन्व्हर्टर चालू आहे ना ते दोनदा बघितलं. चिठ्ठीत मी शेवटून दुसरा, माझ्यानंतर त्या बाई. माझी पाळी आली. मी इंग्रजीत थोडक्यात समजावलं, उत्तराचे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत पडद्यावर लावले आणि उभा राहिलो.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरा बारा मुलखांतनं गोला झालीत. त्यांची राखन कर रे म्हाराजा!”

थांबलो. पडद्यावर चौकटी, चौकटीत चेहरे, कोणाकोणाचे ओठ हललेही असतील. आवाज नाही. लाल हृदयं खालून वर तरंगत गेली.

“जे दर्यावर हायत, जे परक्या घरात हायत, त्यांना सुखाचा घास दे रे म्हाराजा!”

पुन्हा काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मग मीच हळूच “व्हय म्हाराजा” म्हणालो, आणि स्वतःचा तो आवाज ऐकून मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढचं गाऱ्हाणं आठवेना. देवळात कधी कोणाला स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतः होकार द्यावा लागत नाही. मी चाचपडत होतो तोवर चार मिनिटं संपल्याची घंटा वाजली. “थँक्यू सर, किती पॉवरफुल!” गुरगावची मुलगी म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं, पण मला लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला.

मग करड्या चौकटीची पाळी. बाईंनी माइक उघडला. गळ्याशी चष्मा लोंबत होता. मागे नुसती भिंत.

“माझ्याकडे दाखवायला काही नाही,” त्या म्हणाल्या. “माझी चार मिनिटं मी आधीच्या गृहस्थांना देते. त्यांचं अर्धं राहिलंय.”

मुलगी गोंधळली. असं देता येतं का, हे नियमात नव्हतं. तोवर बाईंनीच मला विचारलं, “सुरू करता?”

मी उभाच होतो. माझा माइक आणि पडद्यावरचे ते दोन शब्द अजून तसेच होते. “बा देवा म्हाराजा,” म्हणालो. “कोनाचा वाकडा-नाकडा असंल ता दूर कर रे म्हाराजा!”

तिकडून, जरा उशिराने, कारण तिकडचा आवाज इकडे पोचायला वेळ लागतो, उत्तर आलं. “व्हॉय महाराया.”

एकच आवाज, बाईचा, चष्मा लावून पडद्यावरून वाचलेला. मी लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकलो. पुढचं मागणं घातलं, पुन्हा उत्तर आलं. मग आणखी एक. शेवटी पाऊसपाण्याचं, शेतीभातीचं मागणं असतं. वडील तिथेच संपवायचे. पण माझ्या तोंडून ते आलंच नाही.

“आनि रत्नागिरीत एक मानूस एकटा रवतोय,” मी म्हणालो, “त्याला कोनतरी दे रे म्हाराजा.”

गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं. ऐकणाऱ्यांत मराठी कळणारं कोणी असेल की नाही, याचाही मी त्या क्षणी विचार केला नाही.

“व्हॉय महाराया,” बाई ठासून म्हणाल्या.

कार्यक्रम संपला, आभार झाले, चौकटी एकेक करून विझल्या. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला: “शेवटच्याला मी कशाला हो म्हणाले? तिथे तुमचा आवाज बदलला.”

मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. मग लिहिलं, “यंदा आंबा चांगला येऊ दे, असं होतं.”

“मग येईलच,” त्यांनी लिहिलं. “मी अगदी मनापासून म्हटलंय.”