नवरदेवाचं लोखंड

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या मुबश्शिरच्या दुकानात गुणाबाई सकाळी शिरली, ती दुपार कलली तरी उठायचं नाव घेईना. घ्यायचा होता एक चाकू. तोही घडीचा, खिशात मावणारा. एवढ्या वेळात लोक मुलगी बघून, पसंत करून, चहा पिऊन घरी येतात.

मुबश्शिर मोठा सोशिक माणूस. कुलपं, बिजागऱ्या, कात्र्या आणि चाकूसुऱ्यांचं त्याचं बापजाद्यांपासूनचं दुकान. त्यानं आधी लाकडी मुठीचा चाकू काढला. गुणाबाईनं तो तळहातावर तोलला, पदराच्या टोकाला बांधला आणि दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या. पदर खाली ओढला गेला. "जड हाय," ती म्हणाली. मग खटका दाबला की फटकन उघडणारा एक निघाला. तो बघून ती मागेच सरकली; हा मारामारीवाल्यांचा, आपल्याला नको. मग मुबश्शिरनं गंमत म्हणून नेलकटर दाखवला, ज्याला नखाएवढं पातं असतं तो. त्यावर तर ती रागावलीच. नखं काढायच्या वस्तूचा धाक कुणाला वाटणार, असं काहीसं पुटपुटली. कुणाला धाक घालायचा आहे हे मात्र तिनं सांगितलं नाही.

शेवटी एक सापडला. नारिंगी प्लॅस्टिकची मूठ, बोटभर पातं, मिटला की काडेपेटीहून बारीक. हातात घेतला तर घेतल्यासारखं वाटेना. गुणाबाईचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. एवढं हलकं ते लोखंड असेल कशावरून? मुबश्शिरनं गल्ल्यातून लोहचुंबक काढलं, सांडलेले स्क्रू गोळा करायला ठेवलेलं, आणि पात्याला लावलं. पातं चिकटलं. मग खिशात आपोआप उघडणार नाही ना, याची चौकशी झाली. मागची पट्टी दाबल्याशिवाय तो मिटत नाही आणि नख लावून ओढल्याशिवाय उघडत नाही, हे तिनं स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

कशाला पाहिजे, असं मुबश्शिरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, फळं कापायला, पोरासाठी. पोरगा मानकोलीच्या गोडाऊनमध्ये आहे म्हटल्यावर त्यानं सांगितलं की मावशी, गेटवर आधी विचार, तिथं असलं आत नेऊ देत नाहीत. पोरगा बघून घेईल, असं म्हणून ती उठली. काचेच्या कपाटात लाल मखमलीच्या म्यानातल्या नवरदेवाच्या कट्यारी ओळीनं लावलेल्या होत्या. त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. तिच्याकडे नवऱ्या मुलाच्या हातात हळदीपासून कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत ती हातातून सुटत नाही. पोरगा हळदीनं पिवळा झाला की बाहेरचं काही त्याला धरायला बघतं, आणि लोखंड असलं की जवळ येत नाही, अशी ती समजूत. शिकलेलेही कट्यार घेऊन फोटो काढतात, तेव्हा हसण्यासारखं त्यात काही नाही. पण गुणाबाईची भीती हळदीच्या दिवसाची नव्हतीच. तिला भीती होती आधीच्या दिवसांची, म्हणजे गावदेवीपुढं पत्रिका ठेवल्यापासून हळद लागेपर्यंतच्या. कारण नामा त्याच दिवसांत गेला होता.

नामा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीत होता, तिच्या हातचं जेवून वाढला. त्याचं लग्न ठरलं, पत्रिका देवीपुढं ठेवली, आणि मामाला बोलावणं करायला म्हणून सायकलवर गेला तो डंपरखालीच. डंपरवाला झोपेत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मढं अंगणात आणलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "नवऱ्याच्या अंगावर लोखंड नव्हतं." लोखंड द्यायचं काम वहिनीचं. हळद अजून लागायची होती, हे कुणी मध्ये आणलं नाही. त्या दिवसापासून गुणाबाईचा नवरा मरेपर्यंत तिच्याशी कामापुरतं बोलला. भांडला नाही, मारलं नाही, फक्त बोलला नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

नवरा गेल्यावर तिनं मानकोलीच्या नाक्यावर बसून भाजी विकली. पावसाळ्यात टाकळा, शेवळं, उन्हाळ्यात करवंदं. विशालला बारावीपर्यंत शिकवलं. तो गोडाऊनला लागला, आधी रोजावर, मग कायम झाल्याचं कार्ड मिळालं. त्या कार्डाच्या जोरावरच अकलोलीची नेत्रा सांगून आली. पोरगी पदवी शिकलेली, बालवाडीत शिकवणारी. विशाल मुळात घुम्या. पण संध्याकाळी ओट्यावर बसून तिच्याशी फोनवर बोलायचा आणि मध्येच मोठ्यानं हसायचा. त्या घरात हसण्याचा आवाज किती वर्षांनी होत होता! गुणाबाई आत भाकरी थापता थापता थांबायची आणि ऐकत राहायची. हे पोरगं एकदा मांडवाखाली उभं राहिलं की आपण सुटलो, एवढंच तिचं मागणं होतं.

पत्रिका देवीपुढं ठेवली होती, आता हळदीपर्यंत चाकू अंगावर ठेवायचा, असं तिनं सांगितलं आणि विशालनं तो मुकाट्यानं घेतला. आईशी वाद घालणाऱ्यांतला तो नव्हता. पण गोडाऊनच्या गेटवर अंगावरून यंत्र फिरवतात, चावी, मोबाईल सगळं ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं. तेव्हा तो रोज आत जाण्याआधी चाकू मोटारसायकलच्या डिकीत टाकायचा आणि सुटल्यावर खिशात घालून घरी यायचा. आईचंही राहिलं, साहेबाचंही राहिलं. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं.

एके दिवशी तो चाकू डिकीतून काढायला विसरला, आणि फडकं काढायला गेलेल्या गुणाबाईला तो दिसला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, पण आयांची गंमत अशी की ओरडायचं तिथं त्या गप्प बसतात. तिनं मनाशी हिशेब मांडला: म्हणजे दिवसभर पोरगं मोकळंच असतं. नामाही असाच मोकळा गेला.

सुट्टीच्या दिवशी गणवेशाची पँट धुऊन वाळली. मांडीवर मोठा खिसा असलेली ती जाडजूड पँट. तिनं त्या खिशाचं अस्तर उसवलं, जुन्या परकराच्या कापडाची पिशवी केली, त्यात चाकू घातला आणि बारीक टाक्यांनी अस्तर पुन्हा शिवून टाकलं. वरून हात फिरवून पाहिला. काही लागत नव्हतं. मुबश्शिरकडे सकाळपासून बसल्याचं चीज झालं असं तिला वाटलं. विशालनं चाकू कुठंय म्हणून विचारलं तर सांगितलं, घरात ठेवलाय, राहू दे आता तुझ्या मनासारखं. पोरगा खूश झाला. आपल्या आईनं कधी नव्हे ते ऐकलं, याचं त्याला कौतुकसुद्धा वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी तो ती पँट घालून ड्युटीवर गेला. त्या दुपारी गुणाबाई निवांत झोपली.

त्याच आठवड्यात गोडाऊनमध्ये कुणीतरी मोबाईलची खोकी कापून माल लांबवत होतं. एरवी गेटवर यंत्र फिरवायला शेजारच्या गावचा विपुल असायचा. तो सगळ्यांना नावानं ओळखायचा. पण विशाल ती पँट घालून गेला नेमक्या त्याच दिवशी विपुलच्या शेजारी मोठा अधिकारी उभा होता. यंत्र विशालच्या मांडीपाशी वाजलं. त्यानं खिसा उलटा केला. पुन्हा वाजलं. अधिकाऱ्यानं कापड चिमटीत धरलं, टाके उसवायला लावले, आणि नारिंगी मुठीचा चाकू फरशीवर पडला.

"माझा न्हाय," विशाल म्हणाला. खरंच बोलला. पण पुढच्याच क्षणी त्याला ते परकराचं कापड दिसलं, आईचे टाके दिसले. पुढं कितीही विचारलं तरी बोलला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. फरक एवढाच की संन्याशानंही तोंड उघडलं नाही. पोलिसांत दिलं नाही हा उपकार म्हणून त्याला सांगण्यात आलं. कार्ड काढून घेतलं, आणि मानकोलीच्या ज्या ज्या गोडाऊनला माणसं पुरवणारे ठेकेदार होते त्या सगळ्यांकडे त्याचं नाव गेलं. कापलेल्या खोक्यांचा धनी सापडल्याचं संध्याकाळपर्यंत चार गावांत झालं.

घरी येऊन त्यानं आईला शिवी दिली नाही की विचारलं नाही. पँट दोरीवर टाकली आणि ओट्यावर बसला. गुणाबाईला काय झालं ते विपुलकडून कळलं. ती तशीच गेटवर गेली. अधिकारी बिचारा वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, नामापासून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माँ जी, हर माँ यही बोलेगी।" खरं तेवढं ती सांगून बसली होती.

राहिलं अकलोली. तिकडून निरोप येण्याआधी आपणच जावं म्हणून मायलेक मोटारसायकलवर निघाले. नेत्राच्या घरी ओसरीवर मंडळी जमलेलीच होती: तिचा बाप, चुलता, आणि आई बायजाबाई. नेत्रा आतल्या दाराशी उभी होती. गुणाबाईनं पाणीही न घेता सगळं सांगितलं. पोराचा काडीचा दोष नाही, मीच शिवलं, त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं, असं ती हात जोडून सांगत राहिली. आणि नवल म्हणजे इथं तिच्यावर विश्वास बसला. बाईचं दुःख बाईला कळतं म्हणतात ते खोटं नाही. पण कळलेलं दुःख कुठल्या वाटेनं जाईल याचा नेम नसतो.

बायजाबाई म्हणाली, "तुझं खरं हाय, मी मानते. पण नवऱ्याचं लोखंड चारचौघांत हातात देतात, गुणाबाई. पोराला न सांगता त्याच्या कपड्यात शिवतात ती चाल न्हाय. तिला दुसरं नाव हाय."

ते नाव चुलत्यानं घेतलं. दीरही लग्नाच्या तोंडावरच गेला ना, असं त्यानं आधी विचारलं आणि मग हलक्या आवाजात 'भुताळी' म्हणाला, म्हणजे चेटूक करणारी. हा शब्द एकदा उंबऱ्याबाहेर पडला की गावात कुणाचं पोर आजारलं, कुणाची म्हैस आटली, सगळं त्या एका बाईच्या दारात येतं. मग तिच्याकडून भाजी कुणी घेत नाही. मयताला तिला बोलावत नाहीत, आणि तिच्या मयताला कुणी येत नाही.

नेत्राचा बाप समजूतदार होता. त्यानं तोड काढली. पोरगा साफ आहे, तेव्हा लग्न मोडायचं कारण नाही, असं तो म्हणाला. काम काय, भिवंडीत नाही तर वसईला मिळेल. फक्त पोरं वेगळी राहतील, पोरगी ह्या बाईच्या घरात पाय ठेवणार नाही आणि ही बाई मांडवात यायची नाही. गुणाबाईनं लगेच मान हलवली. तिला एवढंही पुष्कळ होतं. मांडवाबाहेर कुठंही उभी राहीन, असं ती म्हणायलाही लागली होती.

विशालनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग तो उठला. "चाकू माझाच हाय," तो म्हणाला. "मीच शिवून घेतला व्हता. खोकी कापाया. आईला काय ठावं न्हाय, ती मना वाचवाया बोलते."

गुणाबाई नाही, नाही म्हणून ओरडली. तिनं बायजाबाईचे हात धरले, देवीची शपथ घेतली. पण आता ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. चुलता उठून अंगणात जाऊन थुंकला. बापानं कपाळाला हात लावला. बायजाबाईनं आपले हात सोडवून घेतले, पण हळूच, आणि तिच्या तोंडावरची भीती गेलेली गुणाबाईला स्पष्ट दिसली. चोराची आई म्हणजे शेवटी एक आईच. दारातली नेत्रा आत निघून गेली होती.

परत येताना वज्रेश्वरी मागं पडली. मग गुणाबाईनं मागून विचारलं की असं का केलंस, तुझा संसार उभा राहत होता. तिला रडूही येत नव्हतं.

विशालनं गाडी कडेला घेतली, पण मान वळवली नाही. "चोराला कधीतरी कुणी काम देतं, आई," तो म्हणाला. "भुताळीला कोण खांदा देतं?"

तो आता एका टेम्पोवर हमाली करतो, आणि कुठं काही चोरीला गेलं की आधी त्याची झडती होते. नेत्राचं लग्न त्याच वर्षी शहापूरकडे झालं. गुणाबाई नाक्यावर बसते. लोक तिच्याकडून भाजी घेतात, पोरानं नाव घालवलं हो तुझं, म्हणून हळहळतात, आणि ती मान खाली घालून हो म्हणते.