दोन गेट, एक मुहूर्त

उत्तर एक यायला हवं होतं. आलं तीनशेच्या वर आकड्यांचं.

मी उमरखेडकडच्या एका धरणावर सिक्युरिटी ऑडिटला गेले होते. नदीत पाणी सोडायच्या दोन गेटना नव्या कंट्रोल पेट्या बसवल्या होत्या. ऑफिसच्या मोबाइलवरून गेट उघडायचं. भलत्याच कुणी उघडू नये म्हणून प्रत्येक पेटीला कुलूप असतं. हे कुलूप म्हणजे सहाशेच्या वर आकड्यांची एक संख्या, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. ती लपवायची नसते. कारण तिचे अवयव शोधायला जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी आपल्या हयातीत जमायचं नाही. अवयव ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे.

पण एक चोरवाट आहे, आणि ती सहावीत शिकवतात. मसावि. दोन संख्यांना पूर्ण भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या. एवढ्या अवाढव्य संख्यांचाही मसावि लॅपटॉप चुटकीसरशी काढतो. दोन कुलपांत एक अवयव सामाईक असेल तर तो हातात येतो. मग साधा भागाकार केला की दुसराही.

दोन्ही गेटच्या संख्यांचा मसावि मी नुसत्या सवयीने काढला होता. एक आला असता तर सामाईक काही नाही. आला तो तीनशेच्या वर आकड्यांचा अवयव.

"साहेब, या पेट्या पहिल्यांदा चालू कशा केल्या होत्या?"

वानखडे साहेब, तिथले उपअभियंता, खूश झाले. "मुहूर्तावर! पाहुण्यायच्या हातानं नारळ फोडला, एकच बटन दाबलं, दोन्ही पेट्या एकदम सुरू. काय टाळ्या पडल्या मॅडम!"

आता उलगडा झाला. पेटी चालू होताना घड्याळ बघून आपले अवयव निवडत होती. घड्याळ एक, क्षण एक, म्हणून पहिला अवयव तोच. दुसऱ्यापर्यंत दोघींत किंचित फरक पडला, एवढंच.

"रिमोट आत्ताच्या आत्ता बंद करा साहेब."

"असं कसं बंद करता येते? वरून लेखी आणा."

"तोवर कुणी गेट उघडलं तर?"

"कायले उघडते कोणी? एवढ्या मोठ्या आकड्याचं कुलूप आहे म्हणते कंपनी."

खिडकीतून कोरडं पात्र दिसत होतं. वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. चौकीदार शंकरभाऊंची बायको, कमलवहिनी, दोघीतिघींसोबत वेलांना पाणी घालत होती. सकाळी तिनेच मला चहा पाजला होता. पाणी सुटलं तर पहिली तीच.

गेट उघडण्याआधी भोंगा वाजतो. त्याची कमांड वेगळी असते.

"नुसता भोंगा वाजवून दाखवू?"

"वाजवा," साहेब हसले.

मी लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या नेटवर घेतला. त्यांचा पासवर्ड नाही, त्यांचं वायफाय नाही, फक्त मसाविवरून काढलेली किल्ली. एंटर दाबलं.

भोंगा वाजला.

खाली बाया घागरी टाकून पळत सुटल्या. कमलवहिनी वेल तुडवत काठाकडे धावली, पडली, उठून पुन्हा धावली. शंकरभाऊ भिंतीवरून तिच्या नावानं ओरडत होते. गेट हलणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी माझी नजर गेटवरून हटेना.

"वायर काढा! अरे काढा ना ते वायर!" ओरडत साहेबच धावले आणि स्वतःच्या हातानं दोन्ही पेट्यांच्या नेटच्या वायरी उपटल्या. लेखी कुणी मागितलं नाही.

"आधी सांगाचं ना मॅडम," धापा टाकत वर आलेली कमलवहिनी म्हणाली. "जीव गेलता माहा. अन् वेल तुडवले ते येगळेच."

पुढे कंपनीने सॉफ्टवेअर बदललं, दोन्ही पेट्यांना नव्या किल्ल्या दिल्या. मी पुन्हा तपासलं. मसावि एक आला.

भीती मात्र गेली नाही. त्या दोन संख्या कितीतरी महिने उघड्यावर होत्या. माझ्याआधी कुणी त्यांचा मसावि काढून पाहिला होता का, ते कधीच कळणार नाही. भागाकाराचा माग राहत नाही.

आता कुठल्याही साइटवर गेले की कागदपत्रं नंतर बघते. आधी विचारते, नारळ किती फोडले?