पाव फेरा जास्त

सूर्यभान वानखडे अकोटच्या एसटी स्टँडवर एकवीस वर्षं वाहतूक नियंत्रक होता. गाडी आली की वहीत वेळ लिहायची, फलाट नेमून द्यायचा आणि पुकारा करायचा, हे त्याचं काम. स्टँडवरचा भोंगा वर्षातून चार महिने बंद असायचा. ते कोणाच्या लक्षात यायचं नाही. सूर्यभान खिडकीतून पुकारायचा आणि रस्त्यापलीकडे रसवंतीत बसलेला माणूस अर्धा ग्लास ठेवून उठायचा.

वेळेच्या बाबतीत तो कोणाचाच नव्हता. एकदा त्याची बायको मैनाबाई माहेरी दर्यापूरला निघाल्या होत्या. त्या पिशवी घेऊन पळत येताना त्याला दिसल्या, आणि त्याने गाडी सोडली. त्या अजून सांगतात, अर्ध्या मिनिटानं गाडी गेली. वहीत गाडी वेळेवर सुटल्याची नोंद आहे.

मी जानराव. कापसाच्या जिनिंगमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मैत्री आहे, पण आम्ही एकमेकांचं कौतुक कधी केलेलं नाही. तो म्हणायचा, फिटरला घड्याळ कळत नाही. मी म्हणायचो, नियंत्रकाला घाम येत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय निम्मा परत आला, बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बघायचा. अकोल्याला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या महिन्यातून एकदा तपासायच्या, पेन, कप, चावी दाखवून नाव विचारायच्या. सूर्यभान पेनाकडे असा बघायचा, जणू पेनच उशिरा आलंय.

बोलणं आलं ते विमानामुळे. त्याची मुलगी रागिणी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या दिवाळीत घरी आली असताना तिने मोबाईलवर सहज दाखवलं, की हे बघा बाबा, आत्ता आपल्या घरावरून एक विमान चाललंय, मुंबईहून कोलकात्याला. सूर्यभानने मान वर केली आणि म्हणाला, "कृपया लक्ष द्या. मुंबईहून कोलकात्याला जाणारी गाडी अकोट येथून सुटत आहे. मार्गे नागपूर. विनाथांबा."

अगदी स्वच्छ. मैनाबाईंच्या हातात चकलीचा सोऱ्या तसाच राहिला. कढईतल्या चकल्या जळाल्या.

मॅडमनी सांगितलं, असं होतं. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य वेगळ्या वाटेने बाहेर येतं. स्वतःचं, नवं वाक्य अजून येत नाही, पण हे येतंय तर रोज येऊ द्या. खंड पडू देऊ नका. खंड पडला तर ही वाटही बुजेल.

मोबाईल मात्र सूर्यभानने दुसऱ्याच दिवशी ढकलून दिला. अक्षर लहान, आणि नेट सारखं जायचं. तेव्हा रागिणीने घरीच रिसीव्हर बसवायचं ठरवलं. विमानं आपला नंबर, उंची आणि वेग स्वतःच सतत सांगत जातात. छतावर अँटेना असली की ते नेटशिवाय पकडता येतं. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या डब्यात एक लहान कॉम्प्युटर, त्याला खोचलेली बोटभर कांडी म्हणजे रिसीव्हर, वरून आलेली केबल, आणि टीव्हीवर नकाशा. अँटेना मी उभी केली. वीस फुटी पाइप, तीन बाजूंनी तारांचे ताण. ओळंबा लावून पाहिला आहे. कोणत्या नंबरचं विमान कुठून कुठे जातं याची यादी रागिणीने छापून दिली. सूर्यभानने महिन्याभरात पाठ केली. रोज चार ते सहा तो टीव्हीपुढे बसायचा. तीस-पस्तीस पुकारे व्हायचे. डाव्या हाताने वहीत वेळा लिहायचा. रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची.

यंदाच्या खंडेनवमीला मी हे सगळं बंद पाडलं.

जिनिंगमध्ये दसऱ्याच्या आधी हंगामाची तयारी असते. मशीन उघडायची, पुसायची, आणि प्रत्येक नट, सैल असो नसो, पाव फेरा जास्त आवळायचा. मग पूजा. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नवमी आली की हात शिवशिवतात. पहिल्या वर्षी मी घरातले नळ आवळले. तीन बदलावे लागले. तरी काही शिकलो नाही.

त्या सकाळी मी सूर्यभानकडे गेलो तर टीव्हीवर सूचना होती, नवी आवृत्ती उपलब्ध आहे. रागिणीने बजावलेलं होतं, "काका, चालतंय तोवर हात लावू नका." पण चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हे वाक्य आयुष्यभर मी फक्त आळशी माणसांच्या तोंडून ऐकलेलं. मी बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. ती भरायला चाळीस मिनिटं लागणार होती. रिकामं कोण बसणार? पाना घेऊन छतावर गेलो.

खाली आलो तेव्हा मैनाबाईंनी डब्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं होतं. चार वाजता नकाशा लागला. रंग पहिल्यापेक्षा छान होते. विमान एकही नव्हतं.

"आज दसऱ्याची सुट्टी असते का विमानाले?" मैनाबाई म्हणाल्या.

"विमानाले कायची सुट्टी वहिनी."

"मंग?"

"तुमी कुंकू कुठं लावलं?"

"डब्यावर लावलं. भोकात नाई टाकलं."

मी डबा उघडला आणि ब्रशने तासभर साफ केला. आत कुंकवाचा कण नव्हता. थोडं होतं, असं मी सांगितलं.

सूर्यभान सहापर्यंत बसून राहिला. मग वहीत एक आडवी रेघ ओढली आणि उठला.

रात्रीचं जेवण होण्याआधी रागिणीला फोन लावला.

"काका, अपडेट केलं का?"

"ते झालं आपोआप."

"आपोआप नाही होत ते."

"बटन होतं तिथं."

"मग?"

"मग दाबलं."

"अजून काय केलं?"

"काईच नाई."

हे मी खरं समजून सांगितलं. आवळणं म्हणजे काही करणं, असं चौतीस वर्षांत कोणत्याही फिटरने मानलेलं नाही. आवळणं म्हणजे श्वास घेण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी रागिणीने पुण्यातूनच डब्यात शिरून नवी आवृत्ती काढली आणि जुनी घातली. पुन्हा शून्य. ती म्हणाली, प्रोग्राम ठीक चाललाय, फक्त त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. एवढं ऐकूनही मला अक्कल आली नाही. मी तिला समजावलं की कॉम्प्युटरचा भरवसा नसतो. त्या दिवशी सूर्यभान चारला आला, पाच मिनिटं थांबला आणि परत जाऊन पडला.

तिसऱ्या दिवशी रागिणी म्हणाली, कदाचित वीज कमी पडत असेल, अडॅप्टर बदलून पाहा. मी एसटीने अकोल्याला गेलो, तीन अँपिअरचा अडॅप्टर घेतला, परत आलो. जाऊन-येऊन पाच तास. शून्य. बसमध्ये मला आठवत होतं, की हाताखालच्या माणसांना मी काय ओरडायचो: एका वेळी एकच गोष्ट बदला रे, नाहीतर बिघाड कुठं आहे ते ब्रह्मदेवाले नाई कळत. स्वतः मात्र एकाच सकाळी दोन गोष्टी केल्या होत्या आणि त्यातली एक विसरून गेलो होतो.

त्या दिवशी सूर्यभान खाटेवरून उठलाच नाही. मैनाबाईंनी यादी वाचून दाखवली. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"भाऊजी," त्या मला ओसरीवर येऊन म्हणाल्या, "तीन दिवस झाले. एक शब्द नाई. कालपासून तर तांब्याकडे पण पाहून नाई राहिले."

"उद्या लागते वहिनी."

"उद्या कोनत्या मशीनीले हात लावता?"

अकोल्याच्या मॅडमचं वाट बुजण्याचं वाक्य आम्हा दोघांनाही आठवत होतं, म्हणून ते कोणी उच्चारलं नाही.

चौथ्या दिवशी रागिणीने सांगितलं, रिसीव्हरच्या खोक्यात वीतभर उंचीची लहान अँटेना आली होती, ती शोधा. छतावरची केबल काढा, ती लहान अँटेना लावा आणि खिडकीत ठेवा. मी तसं केलं. दोन मिनिटांत नकाशावर एक विमान उमटलं, खामगावच्या बाजूला.

रागिणीला फोनवर सांगितलं.

"काका, म्हणजे डबा चांगला, कांडी चांगली, प्रोग्राम चांगला. बिघाड वर आहे. वर काही केलं का?"

"नाई ना."

"वर गेलेच नाही?"

"गेलो. फक्त टाईट केलं."

"कशानं?"

"पान्यानं."

"काका, ते बोटांनी लावायचं असतं."

"बोटानं लावलेलं ढिलं राहते."

"किती दिवस चालत होतं ते, बोटांनी लावलेलं?"

मी हिशोब केला. जवळपास वर्ष. फोन ठेवून छतावर गेलो आणि अँटेनाखालचा पितळी जोड उघडला. आत मधोमध एक सुई असते, शिवणाच्या सुईइतकी. ती पिळून तुटलेली होती. एवढ्या नाजूक जागी मी कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या बोल्टचा जोर लावला होता. तो जोर लावताना मला बरं वाटलं होतं, हेही आता आठवलं.

खाली आलो तेव्हा मैनाबाईंनी सूर्यभानला आणून टीव्हीपुढे बसवलं होतं. खामगावचं विमान निघून गेलं होतं. आता दुसरं आलं, नागपूरकडून. नंबर ठळक दिसत होता. सूर्यभानने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. विमान नकाशाच्या कडेपर्यंत गेलं आणि पुसलं गेलं. तिसरं आलं. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि वही बाजूला सारली.

मैनाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मी खाली बसलो. "सूर्यभान," म्हटलं, "अपडेटमुळं नाई झालं. कुंकवानं नाई. मी वर जाऊन जोड आवळला, पान्यानं. सुई तुटली. पाव फेरा जास्त झाला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. चेहऱ्याची उजवी बाजू जरा ओढली गेली.

"पाव?" तो म्हणाला.

"पाव."

"खोटं."

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पाव फेऱ्याला जोड बसला होता. पण हात लागलाच होता, वर गार हवा होती, खाली उतरायची घाई नव्हती, म्हणून आणखी पाव दिला होता. हे छतावर मी एकटा असताना झालं होतं. एकवीस वर्षं ड्रायव्हरांच्या सबबी ऐकलेल्या माणसाला छतावर यायची गरज नव्हती.

"अर्धा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग डाव्या हाताने वहीतलं कोरं पान धरलं, ते फाडायला त्याला बराच वेळ लागला, आणि माझ्यापुढे धरलं.

"लेखी," तो म्हणाला.

गाडी उशिरा आणणाऱ्या ड्रायव्हरकडून तो असाच खुलासा घ्यायचा. मैनाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. मग उठून चहा ठेवला. मला साखर कमी घातली.

नवा जोड दुसऱ्या दिवशी अकोल्याहून आणला आणि दोन बोटांनी लावला. मैनाबाई शिडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या, मी खिसे उलटे करून दाखवले तेव्हाच वर जाऊ दिलं. चार वाजता नकाशा भरला. पहिली दोन विमानं तशीच गेली. तिसऱ्याला सूर्यभान म्हणाला, "कृपया लक्ष द्या." पुढचं आलं नाही. पाचव्याला पूर्ण आलं. त्या दिवशी फक्त सहा पुकारे झाले. काल अकरा झाले. पूर्वीइतके अजून नाहीत, आणि होतील की नाही ते मला माहीत नाही. जे गेलं ते माझ्या हाताने गेलं, एवढं माहीत आहे.

अर्ध्या पानाचा खुलासा मी लगेच लिहून दिला होता. त्यात अँटेनाचा पाइप ओळंब्यात सरळ आहे, हेही घातलं होतं. सूर्यभानने ते वाक्य खोडलं, कागद परत केला आणि म्हणाला, "अपुरं."

या महिन्यात आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा मैनाबाईंनी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी कागदावर लिहून घेतलं: पाव, खोटं, लेखी, अपुरं. पुकाऱ्यातले नसलेले, स्वतःहून, माणसाला उद्देशून म्हटलेले चार शब्द. दोन वर्षांतले पहिले. चारही माझ्याविरुद्ध आहेत. मॅडम म्हणाल्या, त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी रोज व्हायला हवं.

म्हणून हा खुलासा पुन्हा, सविस्तर लिहिला आहे. उद्या चार वाजता त्याच्यापुढे ठेवीन. दोन ठिकाणी माझी चूक मी थोडी कमी करून लिहिली आहे. ती त्याने पकडावी आणि तसं म्हणावं, एवढीच अपेक्षा आहे.