पेवाच्या तोंडाशी कंदील

मनकर्णा फार रागीट बाई होती, असं कुरुंद्याकडची जुनी माणसं सांगतात. रागीट कशानं झाली, ते मात्र कोणी सांगत नाही. ते मी सांगतो.

तिचा नवरा सोनाजी उकंडराव पाटलाकडे सालदार होता. पाटलाची ज्वारी पेवात असे. मुरमाड जमिनीत खणलेला खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि त्यावर माती लिंपलेली शिळा. पेव उघडलं की एक दिवस तसंच उघडं ठेवायचं, मगच माणूस उतरवायचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. पाटलालाही होती.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सरकारसाठी सक्तीनं धान्य वसूल करणारे लेव्हीचे शिपाई येत असल्याची खबर आली. ज्वारी लपवायची घाई झाली. पाटलानं सकाळी शिळा काढायला लावली आणि लगेच सोनाजीला दोर बांधून आत सोडलं. पहिलं टोपलंही भरलं नाही. हाकांना उत्तर येईना. ओढून वर काढला तेव्हा अंग ऊन होतं, श्वास नव्हता.

चार माणसांत पाटलानं कारण सांगितलं. बाई विटाळशी होती, तरी तिनं भाकरी थापली. ती खाऊन सोनाजी आत गेला आणि पेवातल्या देवीनं त्याला ठेवून घेतलं. गावानं मान डोलावली. विहिरीवर बाया तिची घागर लांब सरकवू लागल्या. नवरा खाल्लेली बाई, असं लेकरंसुद्धा म्हणू लागली.

ज्वारीचा दाणा मेलेला नसतो. अंधारात पडल्या पडल्या तो हळूहळू श्वास घेतो. त्यातले किडे घेतात, भिंतीची बुरशी घेते. बंद पेवातला प्राणवायू ते संपवतात आणि खाली वाईट हवा साचते. माणसाचा देहही असाच असंख्य जिवंत कणांचा, पेशींचा. प्रत्येक पेशी खाल्लेल्या भाकरीतून, प्राणवायूच्या जोरावर, शक्तीचा एक पदार्थ घडवते. शास्त्रात त्याला एटीपी म्हणतात. टोपलं उचलणारा दंड, धडधडणारं काळीज, नाव आठवणारा मेंदू, सगळं त्याच्यावर चालतं. तो घडतो, लगेच खर्च होतो, पुन्हा घडवावा लागतो. चरबी अंगावर साठते, पण एटीपीचं पेव कोणाच्याही देहात नाही, पाटलाच्याही नाही. हवा तुटली की घडणं खुंटतं आणि बघता बघता मेंदू विझतो. सोनाजीच्या पोटात मनकर्णेची भाकर होती. त्या भाकरीत काही खोट नव्हती. तिची शक्ती करायला आत हवाच नव्हती.

मनकर्णेला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. एक दिवस थांबले नाहीत, एवढं ठाऊक होतं. तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या साली दुसरं पेव उघडलं. पुन्हा घाई. गावातलं कोणी उतरेना, म्हणून पाटलानं बंजाऱ्यांच्या तांड्यावरून थावरा नावाच्या गड्याला मजुरीला आणलं. त्याच्या कमरेला दोर बांधून होतो तोच मनकर्णा भर उन्हात पेटता कंदील घेऊन आली. कोणाला न विचारता तिनं तो दोरीनं आत सोडला. ज्योत बारीक झाली आणि विझली. तिनं वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"याला कोणाचा विटाळ झाला, मालक?"

थावरानं कमरेचा दोर सोडून खाली टाकला.

पाटील पुटपुटला, "हवा खराब हाय. उद्या उतरू."

"मागल्या साली ठाऊक न्हवतं का तुमाला?"

पाटलानं पागोटं सारखं केलं आणि तो वाड्याकडे चालू लागला.

मनकर्णा काढून ठेवलेल्या शिळेवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं कंदील पुन्हा सोडला. ज्योत तळाशी उभी राहिली. मग थावरा उतरला, टोपलं भरलं, घामानं निथळत वर आला आणि पाणी मागू लागला.

त्याला पाणी देताना ती पहिल्यांदा रडली. नवरा गेला तेव्हाही गावानं तिला रडताना पाहिलं नव्हतं. बाया जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. तिनं ते हात झटकून टाकले.

"एका दिसाचं तर काम होतं," ती म्हणाली.