क्लचवरचा पाय

साध्या तापाचं निमित्त झालं आणि दवाखान्यात गेलेले हे परत आलेच नाहीत. पुढे वर्षभर त्यांची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये झाकून उभी होती. मामा, म्हणजे माझे सासरे, अधूनमधून ती चालू करून बघायचे. मग शुगरने त्यांची नजर गेली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, तपासायला पाटोद्याला न्यायचं कुणी?

"तू शीक," मामा म्हणाले.

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर मी स्टिअरिंगमागे बसले, तर पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट यांच्या उंचीला लावलेलं होतं. ते पुढे ओढताना बसलेल्या माणसाला उठवल्यासारखं वाटलं.

क्लच सुटला की गाडी उडी मारायची आणि बंद पडायची.

"पायाला थरथर लागली की तिथंच थांब," शेजारून मामा सांगत. "गाडीनं धरलं म्हनायचं. मग हळू सोड."

ती थरथर मला कळत नव्हती. तलावाच्या चढावर एकदा गाडी मागे घसरायला लागली. मी घाबरून क्लच सोडला. हिसका बसला, मामांचं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं.

"एकदम काहून सोडला बे? लई घाई हाय तुला!"

मी गारठले. सुनेला 'बे' कुणी म्हणत नाही. घरात तर ते माझ्याशी मान वळवून, मोजकंच बोलत. मामा न दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले होते.

"हेही असंच सोडायचे का?" शेवटी मीच विचारलं.

"लई. हितंच, ह्याच चढावर. मग रडायचा."

मी गाडी पुन्हा चालू केली. त्या दिवसापासून गाडीत बसलं की मामा मला 'बे' म्हणत, खाली उतरलं की 'बाई'. मी त्यांना कधी अडवलं नाही. हळूहळू पाय शिकला. चढावर गाडी जागच्या जागी धरून, अजिबात हिसका न देता पुढे काढायला मला जमू लागलं.

आता शाळेत शिकवायला जाताना मी एकटीच गाडी नेते. एका संध्याकाळी घरी आले, फाटकातला छोटा चढ चढून गाडी शेडमध्ये लावली. बघते तर दारात आत्याबाई. हात पिठाने भरलेले, चेहरा उजळलेला. मला बघितलं आणि तो चेहरा मिटला.

"तूच हाय व्हय," त्या म्हणाल्या. "चढावर गाडी अगदी त्याच्यावानीच आली गं."

त्या आत गेल्या. तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता.

हे कधी हॉर्न वाजवत नसत. मी मात्र आता वळणावरूनच वाजवत येते.