विजयमालाच्या हाताचा गुण

विजयमालाची नळी कधी तुंबत नाही. १९६६ साली जयपूरच्या आमच्या इस्पितळात हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

वॉर्डात मराठी नर्स आम्ही दोघीच. मी पुण्यात शिकलेली, पहिल्या वर्गाची. ती कराडकडची, नवरा फौजेत, पाच वर्षांत तीन छावण्या पाहिलेली. कोपराच्या शिरेतून थेट काळजाच्या वरपर्यंत सरकवायची ती बारीक प्लास्टिकची नळी दोघींनाही नवीच होती. दर चार तासांनी औषध घातलेलं सलाईन सोडून ती धुवायची, नाहीतर आत रक्ताची गुठळी होते आणि नळी काढावी लागते. माझ्या दोन गेल्या. तिची एकही नाही. सर्जनसाहेब दिल्लीच्या ट्रेनिंगला एकीलाच पाठवणार होते, आणि मला जायचं होतं.

"बाईच्या हाताला गुण आहे," सगळे म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गुण म्हणे! औषध गुपचूप जास्त घालत असणार, अशी माझी खात्रीच होती. म्हणून एकदा पडद्याआडून पाहिलं. सांगानेरच्या एका कापड छापणाऱ्या कारागिराची नळी ती धूत होती. औषध माझ्याइतकंच. पण सिरिंज ती पूर्ण रिकामी करत नव्हती. थोडं पाणी उरलेलं असताना, दट्ट्या दाबता दाबताच दुसऱ्या हातानं नळीला चिमटा लावत होती. मी आधी सिरिंज काढायचे आणि मग चिमटा लावायचे. तेवढ्यात रक्त मागे शिरायचं. एवढंच होतं!

त्या दिवसापासून माझ्याही नळ्या टिकल्या. पंधरवड्यानं राउंडच्या वेळी साहेबांनी मला नळी धुताना पाहिलं आणि विचारलं, "ये तरकीब किसकी है?" विजयमाला शेजारीच ट्रे धरून उभी होती.

"मेरी, सर," मी म्हणाले.

तिनं ट्रे पुढच्या खाटेकडे नेला. दिल्लीची जागा मला मिळाली.

संध्याकाळी नर्सांच्या खोलीत ती माझ्याकडे आली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी चार उत्तरं तयारच ठेवली होती.

"प्रतिमाताई," ती म्हणाली, "चिमटा जरा उशिरा लावताय तुम्ही. मतलब, दट्ट्या थांबायच्या आधी लागला पाहिजे. पेशंटला त्रास व्हायला नको. चला, दाखवते."

मी तिच्या मागोमाग गेले. तिनं दाखवलं, मी शिकले. कडाकडा भांडली असती, तर एव्हाना मी तिला विसरूनसुद्धा गेले असते.