इरशादचे न उघडलेले ट्रक

महाडमध्ये नदीकडच्या आळीत नुरजहाँच्या कपाटात खेळण्यातले ट्रक होते, पण त्यांच्याशी कधी कुणी खेळलं नव्हतं. तिचा नवरा इरशाद कुवेतला ट्रेलर चालवायचा. दर सुट्टीला येताना तो एक लोखंडी ट्रक आणायचा, पारदर्शक खिडकीच्या खोक्यात. खोका उघडायचा नाही, असा त्याचा दंडक.

"उघडला की त्याचं खेळणं होतं," तो म्हणायचा. "सुंबुल मोठी झाली की दाखवीन, बाप काय काय चालवायचा ते."

सुंबुल मोठी व्हायच्या आधीच तो तिकडे अपघातात गेला. दफनही तिकडेच झालं. मागे राहिले ते खोके.

तेव्हापासून नुरजहाँने ते जिवापाड जपले. कोकणातला पावसाळा कागद खातो. पहिल्या वर्षी तिने खोके प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधले, तर आतून घाम धरला. मग डांबरगोळ्या ठेवल्या, तर खिडक्या धुरकटल्या. ठेच लागत लागत ती शिकली. खोके भिंतीपासून लांब, सुती कापडात, आणि पाऊस सरला की सावलीत हवेवर. उन्हाने रंग उडतो.

"पोरीला खेळू दे की गो," समोरची चंद्रभागाआजी म्हणायची.

"अमानत हाय ती, आजी," एवढंच नुरजहाँ बोलायची.

सुंबुल कॉलेजात होती तेव्हा, एकवीस सालच्या जुलैत, सावित्री नदी आळीत शिरली. उंबऱ्यावरचं पाणी बघता बघता कमरेला लागलं. नुरजहाँ कपाटातून खोके काढून देत होती, सुंबुल ते जिन्याने वर नेत होती. तांदूळ राहिले, गाद्या राहिल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका विनीता मॅडम ओरडत होत्या, "भाभी, पुरे आता! आधी तुम्ही वर या!" शेवटचा खोका तिच्या हातून निसटून पाण्यात पडला. तो पकडून, छातीभर पाण्यातून ती वर आली.

विनीता मॅडमनी कोरडं लुगडं दिलं, चहा दिला. तेव्हा सुंबुलने विचारलं, "अम्मी, अब्बांचे फोटो?"

नुरजहाँने कप खाली ठेवला. फोटो पलंगाखालच्या पेटीत होते. निकाहाचे, पासपोर्टचे, सगळे.

"चेहरा खाली सोडलास आणि खोके वर आणलेस," सुंबुल म्हणाली.

पाणी ओसरल्यावर पेटी सापडली. आत नुसता चिखल आणि कागदाचा लगदा. तुडील गावातल्या नणंदेकडे एखादा फोटो असेल म्हणून विचारलं, पण पुराने तिच्याकडेही काही ठेवलं नव्हतं. पुढे कित्येक महिने सुंबुल आईशी कामापुरतंच बोलली.

भिजलेल्या खोक्याला बुरशी आली, तेव्हा तो उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. एका दुपारी गच्चीत बसून तिने ब्लेडच्या पातीने चिकटपट्टी कापली आणि ट्रक ओढला. तो सुटेना. टायरांचं रबर विरघळून तळाच्या प्लॅस्टिकला चिकटलं होतं. हे पुराचं काम नव्हतं. बंद खोक्यात, तिच्या डोळ्यांदेखत, वर्षानुवर्षं ते आतल्या आत होत आलं होतं.

कपडे वाळत घालायला आलेली सुंबुल थबकली. "काय झालं?"

"टायर गेले," नुरजहाँ म्हणाली. "एवढं जपलं मी. आतनं गेलंच हाय की." आणि ती रडली. इरशादची खबर आली त्या दिवसानंतर ती मुलीसमोर कधी रडली नव्हती.

सुंबुल शेजारी बसली. तिने ट्रक हातात घेतला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता. नखाने केबिनचं दार उघडून तिने आत पाहिलं.

"यात कुठे बसायचे ते?"

"डावीकडं. तिकडं डावीकडं बसतात. पाठीला उशी लावायचे. ह्या गाडीत नाय, दुसऱ्या गाडीत, तिची सीट वाईट होती."

"दुसरी कुठली?"

मग नुरजहाँ सांगत गेली.

बाकीचे ट्रकही त्यांनी एकेक करून उघडले, टायर पुसले, चाकांखाली बटर पेपर घालून परत खोक्यांत ठेवले. ते आता वर, विनीता मॅडमच्या लोखंडी कपाटात असतात. दिवाळीच्या सुमारास मायलेकी ते हवेवर काढतात आणि इरशादविषयी बोलत बसतात. सुंबुलला त्याची दाढी आठवते. नुरजहाँ म्हणते, दाढी त्याने कधी ठेवलीच नव्हती. दाखवायला दोघींकडेही फोटो नाही.